जास्तीचं अक्षर

"विनोदभाऊ, तो शेवटचा ई काढ," रीता पुन्हा म्हणाली.

"काऊन काढू?" विनोद शिडीवरून बोलला. सावली गावात त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. चुलतभाऊ निकेश, रीताचा सख्खा भाऊ, सैन्यात चालला म्हणून त्यानं हा एवढा मोठा फ्लेक्स पदरमोड करून छापला होता, आणि इंग्रजीत. "पर्सले ई हाये. नर्सले ई हाये. हॉर्सले ई हाये. मंग कॉर्प्सनंच का पाप केलं?"

रीतानं डोळे मिटले. शाळेत ती सहावीला इंग्रजी शिकवायची. तिथं निदान पोरं शिडीवर चढून उत्तरं देत नसत.

"कॉर्प्स नाई म्हणत त्याले. कोर म्हणतात. सिग्नल कोर. पी बोलायचा नाई, एस बोलायचा नाई."

"बोलायचा नाई तं लिवायचा कायले?"

"फ्रेंचांचा शब्द हाये तो. त्याईचे अक्षरं असेच. दिसतात, पण बोलत नाईत."

"म्हणजे घरात दोन मुके चालतात," विनोद दातात खिळा धरून म्हणाला, "आन् तिसऱ्यालेच तू हाकलून राह्यली."

तलावावरून वारा येत होता. वडाला बांधलेला फ्लेक्स फुगत होता, पुन्हा बसत होता. त्यावर निकेश हसत होता, मागे तिरंगा, खाली वीतभर लाल अक्षरांत अभिनंदन. कशाबद्दल अभिनंदन, ते त्या एका ई पायी रीताला तोंडानं सांगता येत नव्हतं. कारण शिडीच्या बुडाशी आई, इंदुताई, उभी होती, ओवाळणीचं ताट घेऊन.

इंदुताईचा होकार मिळवायला निकेशला वर्ष लागलं होतं. तोही पुरता मिळाला नव्हताच. कालपासून त्याची बॅग भरताना ती एक कपडा आत ठेवी आणि दोन बाहेर काढी.

"तुले व्हॉट्सअ‍ॅप केलं मी," रीता दबल्या आवाजात म्हणाली. "वाच ना जरा."

"मोबाइल दुकानात चार्जिंगले लावून आलो."

"भाऊ, अर्थ बदलते त्याचा."

"बदलून का होते?"

"दुसरा होते."

"तं सांग ना मंग दुसरा. मी का इंग्लंडातून आलो?"

"का लिवलं वं त्यानं?" इंदुताईनं विचारलं.

"काई नाई माय. एक अक्षर जास्त झालं."

"जास्तच झालं ना, कमी तं नाई पडलं. राहू दे."

"राहू कसं देऊ?" रीताचा आवाज चढला, आणि चढला तो उतरेना. "दोन शब्द हायेत, माय. एकासारखा एक. फ्रेंचमधून आले, एकाच घरचे. दोघाईचा अर्थ अंग. एक म्हणजे फौजेचं अंग, सारे मिळून चालतात ते. आन् दुसरं…"

ती थांबली. वर विनोदचा हातोडाही थांबला.

इंदुताई फ्लेक्सकडे बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"दुसरं अंग चालत नाई," ती हळूच म्हणाली.

रीतानं मान हलवली.

"कोणतं अक्षर?"

"शेवटचं. त्या टोकाचं."

इंदुताईनं ताट पारावर ठेवलं. पाराजवळच्या आपल्या मासळीच्या टोपलीतून जाळ्याचा दोरा कापायची सुरी घेतली. "उतर," ती विनोदला म्हणाली. तो मुकाट उतरला. ती चढली, आणि फाटलेल्या जाळ्याचा तुकडा काढावा तसं चारी बाजूंनी फिरवून तिनं ते अक्षर सोडवून घेतलं. भोकातून मागचा तलाव दिसू लागला.

तेवढ्यात निकेश बॅग घेऊन आला. वर बघून हसला.

"हे भोक कायचं, भाऊ?"

विनोदनं तोंडातला खिळा काढला. "हवा जावाले ठेवा लागते. नाई तं फ्लेक्स फाटते."

इंदुताई खाली उतरली. ताट तिनं रीताच्या हाती दिलं. उजव्या हातानं निकेशला टिळा लावला, त्याच हातानं अक्षता टाकल्या, त्याच हातानं त्याचं तोंड कुरवाळलं. तो पाया पडायला वाकला, तेव्हा पाठीवर टेकला तोही उजवाच.

डावी मूठ तिनं उघडलीच नाही.