उजवा हात

शिवमनं बहिणीचं मनगट पकडलं आणि तिचा उजवा हात तापलेल्या तव्यावर दाबला. पाची बोटं नीट टेकावीत म्हणून वरून फडकं ठेवून जोर दिला. स्वतःला चटका बसू नये एवढी काळजी होती त्याला.

"उद्या मुंबईला बोटं द्यायला चाललीस ना?" तो म्हणाला. "दे की. हितंच दे."

अपेक्षा किंचाळली. बाहेरच्या खोलीत त्यांचे वडील नानासाहेब बसले होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आई, वच्छलाबाई, पिठाच्या डब्याला पाठ लावून बसली होती. ती जागची हलली नाही.

शिवमला ही अक्कल सुचली रेशनच्या दुकानात. जन्मभर भाकऱ्या थापून आणि तव्यावर उलटून आईच्या अंगठ्याच्या रेघा पार गेल्या होत्या. मशीन दर महिन्याला तिचा अंगठा नाकारायचं. गड्यानं तिथंच उभ्या उभ्या ताडलं, बोटांचे ठसे नाहीत तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर माल्टा नाही. म्हणजे अजिंठ्याच्या पोराशी ठरवलेलं लग्न शाबूत.

"समुद्रातल्या बेटावर राहायला जायचंय म्हणं," तो दात खात म्हणाला. "परक्या म्हाताऱ्यांचं हागमूत काढायला. हितले म्हातारे मेलेत का सगळे?"

अपेक्षाच्या तोंडाशी एकच वाक्य आलं होतं. बोटं तिनं मागच्याच महिन्यात देऊन टाकली होती, मैत्रिणीच्या लग्नाचं निमित्त करून. व्हिसा आला होता. उद्याचं मुंबईला जाणं विमानासाठी होतं. हे सांगितलं असतं तर त्यानं हात लगेच सोडला असता. पण मग घर उलटंपालटं करून पासपोर्ट शोधला असता आणि फाडला असता. तिनं खालच्या ओठात दात रुतवले. तोंडात रक्त आलं, ते वाक्य काही आलं नाही.

हात सुटला तेव्हा बोटांची कातडी तव्याला चिकटून राहिली.

"आई, तवा घास अन् वाढ," शिवम म्हणाला. "लई भूक लागली."

मेल्याला भूक लागली होती. वच्छलाबाईनं तवा घासला, डबा उघडला आणि वरवरचं पीठ घेतलं. खाली हात जाऊ दिला नाही. कोपऱ्यात अपेक्षा पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून कण्हत होती, आणि तो मांडी घालून जेवत होता. त्यानं आणखी एक भाकरी मागितली.

"पीठ सरलं."

"डबा तर भरलेला दिसतोय."

"किडे झालेत खाली. खातो का?"

तो हात धुवायला उठला. वच्छलाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी हिला दवाखान्यात दाखवून आणते. सोयऱ्यांनी असा हात बघितला तर काय सांगायचं?"

हे मात्र त्याला पटलं. "व्हय, ने," म्हणाला आणि बाहेर बापाजवळ टीव्ही बघत बसला.

वच्छलाबाईनं डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पिठानं माखलेला पासपोर्ट काढून पदरानं पुसला. मग हळूच विचारलं, "तिथं उतरल्यावर परत बोटं बघत्यात का गं?"

"बघतात."

आईनं आधी लेकीची सोललेली बोटं पाहिली, मग आपला गुळगुळीत अंगठा. तिला हुंदका आवरेना. "मग आता कसं गं, बाई?"

अपेक्षानं दुसरा हात पुढं केला. तो धड होता.

"त्यांनी दोन्ही हातांची घेतलीत, आई. ह्यानं निस्तं रेशनचं मशीन बघितलंय."

शेगडी केव्हाच विझली होती. तरी वच्छलाबाईनं तो डावा हात घट्ट धरला आणि शेगडीपासून लांब, आपल्या पदराखाली ओढून घेतला.