त्या संध्याकाळचा पत्ता

"त्यांची चूक मी चार वर्षं ऐकतेय. आज तुमची दाखवा," बाई म्हणाल्या आणि कुणी 'बसा' म्हणायच्या आत समोरच्या खुर्चीत बसल्या.

नियमबुवांनी चष्मा वर सरकवला. इंटरनेट कंपनीच्या त्या कार्यालयात ते जुन्या नोंदी सांभाळायचे. त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. साधं पेन मागितलं तरी 'कशाला हवंय?' असं विचारणारा माणूस, मग दुसरं काय नाव पडणार? निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"कुणाची चूक?"

"मास्तरांची. माझ्या नवऱ्याची."

बुवांचा हात की-बोर्डवरच थांबला. त्यांना सगळं आठवत होतं. मास्तरांच्या शाळेतला गणिताच्या परीक्षेचा पेपर आदल्या दिवशीच फुटला होता. तो कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून गेला हे शाळेने शोधून काढलं आणि त्या वेळी तो पत्ता कुणाच्या घरी होता, एवढंच कंपनीला विचारलं. बुवांनी नोंद काढली, नाव कळवलं. गणिताचे मास्तर निघाले. सव्वीस वर्षं नाकासमोर चालणारा माणूस! चौकशीत मास्तर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. नोकरी गेली. ओळखीचे लोक रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले. वर्षाच्या आत मास्तर गेले.

तेव्हापासून बुवांनी कानाला खडा लावला. साहेब म्हणायचे, "अहो, पत्ता म्हणजे नुसते आकडे. त्यात खाजगी ते काय?" बुवा म्हणायचे, "आकड्यांमागे घर असतं साहेब. कोर्टाचा कागद आणा, मग बघू." यापायी दोनदा मेमो मिळाला. बुवा हलले नाहीत.

"नोंद दाखवता येणार नाही," ते बाईंना म्हणाले. "पत्ता ही खाजगी माहिती आहे."

"अगं बाई! आणि आमचा शाळेला दिलात तेव्हा? तेव्हा तो काय भिंतीवरची जाहिरात होता?"

"तेव्हाही खाजगीच होता," बुवा हळू आवाजात म्हणाले. "मी द्यायला नको होता."

बाई भांडायच्या तयारीने आल्या होत्या. या उत्तराने त्यांचा सगळा जोरच गेला. बुवांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"मला भांडायचं नाही हो. माझ्या मुलीने बापाचा एक फोटो ठेवला नाही घरात. नाव काढलं की उठून जाते. परवा नात मला विचारते, 'आजी, आजोबा चोर होते का गं?' पाच वर्षांची पोर! काय सांगू मी तिला?" त्यांनी डोळे पुसले. "कुणीतरी म्हणालं, हे पत्ते बदलत असतात. आज आमच्याकडे, उद्या आणखी कुणाकडे. वेळ चुकली की घर चुकतं. खरं आहे का?"

"खरं आहे. आमचं यंत्र जागतिक वेळ लिहितं. ती आपल्या घड्याळाशी जुळवावी लागते. तास चुकले की भलत्याच घराचं नाव येतं."

"मग एकदा बघा ना. मला नका दाखवू. तुम्ही बघा."

बुवांनी नोंद उघडली. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. त्यांनी कागदावर तास मोजले. मग बोटांवर मोजले. मग पुन्हा कागदावर. निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारख्या बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक झाली," ते म्हणाले. "माझीच. तास जुळवायचे राहून गेले. त्या वेळी तो पत्ता तुमच्या घरी नव्हता. दुसऱ्याच कुणाकडे होता. कुणाकडे, ते मात्र विचारू नका."

बाईंनी विचारलं नाही. टेबलाची कड घट्ट धरून त्या रडायला लागल्या. चांगल्या मोठ्याने, हुंदके देऊन. बाहेरच्या टेबलावर काम करणारी कारकून दारातून डोकावून गेली.

"लेखी द्याल?" जरा वेळाने त्यांनी विचारलं.

"देतो."

बुवांनी कंपनीचा कागद घेतला, चार ओळी हाताने लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. मास्तरांचा काहीही दोष नव्हता, अशी शेवटची ओळ होती.

"याचं तुम्हाला काय होईल?"

"काय व्हायचंय? काढतील. आठ महिने आधी घरी बसेन. बायको म्हणतेच, घरात लक्ष नाही तुमचं." बुवांनी हसायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. "एका भल्या माणसाच्या तोंडाला माझ्या हाताने काळं लागलं, बाई. चार वर्षं जेवण गोड लागलेलं नाही मला. न्या हा कागद. मुलीला दाखवा. नातीला सांगा, आजोबा चांगले होते."

बाईंनी कागद दोनदा वाचला. घडी घालून पर्समध्ये ठेवला, उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग परत आल्या. कागद बाहेर काढून त्यांनी बुवांसमोर ठेवला.

"हे तुमच्या माथी नको," त्या म्हणाल्या. "तास तुम्ही तेव्हाही बरोबर मोजले होते आणि आत्ताही. माझा भाचा त्याच परीक्षेत दोनदा नापास झाला होता, बहीण रोज फोनवर रडायची. त्या संध्याकाळी मास्तर पेपर टेबलावर ठेवून फिरायला गेले होते. घरी मी एकटीच होते."