मांडीवरचा पग

आमच्या सॅक्सनीत चिनी मातीच्या बाईच्या मांडीवर पग कुत्रा बसवला, की तिची निष्ठा अभंग समजावी. माझ्या बहिणीचा, योहानाचा, नवरा ट्राउगॉट चिनी मातीच्या कारखान्यात मूर्ती घडवायचा. त्यानं बायकोच्या चेहऱ्याची तशी मूर्ती केली.

भट्टीतून निघाली तेव्हा मिटल्या तोंडाचा घडवलेला कुत्रा दात विचकत होता.

"भाजताना माती आटते, भावजी. ओठ ओढले गेले असतील," मी म्हटलं.

"आणि दात कुणी घडवले, मेव्हणीबाई? घरात कोण येतं-जातं ते कुत्र्याला बरं कळतं." तो योहानाकडे वळला. "दुसरी करतो. तीही अशीच निघाली, तर तू या घरातून निघायचं."

मी रोज स्तोत्र गाऊन देवाला आळवलं.

दुसरी मूर्ती निघाली. कुत्र्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"देव पावला गं," मी म्हटलं. योहाना खिडकीकडे तोंड करून उभी होती.

ट्राउगॉटनं मूर्ती उजेडात धरली. आता मातीची बाई दात विचकत होती, आणि दात कुत्र्याचेच होते.

"योहाना," तो हळूच म्हणाला, "जरा इकडे बघ."

ती सावकाश वळू लागली.