आईचं नाव घेतलं की थांबायचं

डोक्यावर गोणपाट आवळलं गेलं तेव्हा ऑरिन लॅडिक मनातल्या मनात खूश झाला. आलं एकदाचं बोलावणं.

भर दुपारी, ओकलंडच्या रस्त्यात, दोघांनी त्याला बखोटीला धरून व्हॅनमध्ये कोंबलं. व्हॅनवर फुलं रंगवलेली होती. पण हिप्प्यांच्या त्या साली अर्धं गाव तसल्याच गाड्यांतून हिंडत होतं.

दिग्दर्शक क्विगची कामाची तऱ्हाच न्यारी. कागदावर काही लिहायचं नाही, कुणाला तारीख सांगायची नाही. त्याच्या बिऱ्हाडात जमिनीवर मांडी ठोकून, मसूरभात खाता खाता त्याने ऑरिनचं अख्खं आयुष्य पोटातून काढून घेतलं होतं. बायको थेल्मा, लेक जूनी, बारीकसारीक सगळं.

"पिक्चर विनोदी आहे गड्या," क्विग म्हणाला होता. "भुरटे चोर एका बिस्किटवाल्या शेठला पळवतात आणि सगळा विचका होतो. कधी पळवणार ते तुला सांगणार नाही. आजपासून हा शेठचा सूट अंगावरून काढायचा नाही. आणि अगदीच सोसवेना झालं तर आईचं नाव घे. नाव ऐकलं की तिथल्या तिथे थांबायचं."

ऑरिन पन्नाशीला टेकला होता. आजवर त्याने साबणाच्या जाहिराती केल्या होत्या, नाहीतर मढ्यांची कामं. ही पहिलीच मोठी भूमिका. सोसवेना व्हायला तो काय लेचापेचा होता?

हात दोराने मागे बांधले गेले आणि गोणपाट निघालं. फळं डब्यात भरायचा जुना बंद कारखाना होता. डोक्यावरचा दिवा इतका भगभगीत की डोळे उघडवेनात. पलीकडे कुणाचं तरी शीतगृह असावं, भिंतीतून बारीक घरघर येत होती. समोर दोघे उभे होते, एक उंच, एक बुटका. तोंडावर बायकांचे पायमोजे ताणलेले.

"माझ्या अंगाला हात लावलात तर याद राखा," ऑरिन शेठच्या आवाजात गरजला.

उंचाने अशी मुस्काटात ठेवून दिली की ऑरिनचा दात पडला. पोरगा नवखा दिसतोय, हात आवरत नाही, असं म्हणून ऑरिनने रक्त गिळलं.

बुटक्याने टेपरेकॉर्डर पुढे धरला. "बायकोला सांग, पैसे दे म्हणावं, नाहीतर कुंकू पुसलं समज."

कुंकू तिकडे कुठलं? पण त्याचं बोलणं त्याच अर्थाचं होतं. ऑरिन बोलला.

"परत. आणि या खेपेला रडून."

ऑरिन रडला. मग उंचाने त्याच्या बरगडीत लाथ घातली आणि आत काहीतरी कटकन मोडलं. आता मात्र पुरे झालं.

"बास रे बाबांनो," तो कण्हत म्हणाला. "विल्हेल्मिना."

"ही कोण? बाहेरची भानगड का शेठ?" बुटका खिदळला.

"माझी आई. विल्हेल्मिना म्हणतोय ना मी. क्विगला बोलवा."

"कोण क्विग?" उंच म्हणाला आणि त्याच बरगडीवर परत लाथ बसली.

तेव्हा ऑरिनला उमगलं. हा उसना सूट घालून तो आठवडाभर गावभर मिरवला होता, हॉटेलांच्या दारात उभा राहिला होता. कुणीतरी त्याला खराच शेठ समजलं आणि खऱ्या गुंडांनी उचललं. मेलो, तो मनात म्हणाला.

"अरे, मी शेठ नाही. नट आहे मी. साबणाची जाहिरात नाही का बघितली?"

"मरायची वेळ आली की सगळेच नाटकं करतात," बुटका म्हणाला आणि पाणी आणायला बाहेर गेला.

उंच खाली वाकला. "बायको ऐकत नसेल तर पोरीला उचलू. पिवळी सायकल चालवते ना रे ती?"

म्हणजे यांनी घरावर पाळत ठेवली होती. जूनी या वेळी अंगणातच असायची.

हाताचा दोर मघापासून ढिलाच होता. बांधणाऱ्याला धड गाठ मारता येत नव्हती. ऑरिनने हात उपसले आणि सगळ्या अंगानिशी उंचावर झेप घेतली. त्याच्या कमरेचं पिस्तूल हाताला लागलं. छातीवर टेकवून चाप ओढला. नुसताच खट्ट. पुन्हा खट्ट.

"थांब, थांब ना, ऐक माझं," उंच मागे सरकत म्हणाला.

ऐकायला ऑरिन ताळ्यावर होता कुठे? त्याने पिस्तुलाचा दस्ता त्याच्या कपाळात घातला. पोरगा गुडघ्यावर आला. भिंतीला लोखंडी पहार टेकवलेली होती, ती ऑरिनने उचलली आणि दोन्ही हातांनी घातली, मग परत घातली. मोज्यातून रक्त झिरपलं, टाचा जमिनीवर थोडा वेळ खडखडल्या आणि शांत झाल्या.

ऑरिनने मोजा ओढून काढला. विशीतलं पोर, नाकावर वांग, डोळे सताड उघडे. ऑरिन ढसाढसा रडायला लागला. पण जूनी वाचली होती.

भिंतीतली घरघर थांबली.

एक फळी बाजूला सरकली आणि क्विग अनवाणी बाहेर आला. मागे कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस होता. क्विगचे डोळे आनंदाने भरून आले होते.

"कट," तो म्हणाला. "आईचं नाव घेतलंस तेव्हाच थांबलो असतो, तर हे कुठून मिळालं असतं गड्या?"

मग त्याने जमिनीवरच्या पोराच्या पायाला अंगठ्याने हलकेच टोचलं.

"रूफस, ऊठ आता, मसूरभात आलाय. आणि एवढं रक्त लपवलं होतंस कुठे रे?"