जांभळी

“तुझी बाटली खाली ठेव आणि ही हातात घे,” सर म्हणाले. काचेच्या कपाटातली लालभडक बाटली त्यांनी सुट्टीत शिकायला आलेल्या त्या मुलीपुढे धरली. पाहुणे जिना चढून येतच होते.

ती बाटली म्हणजे प्रयोगशाळेची शान. सरांचा सगळ्यात जुना संशोधक विद्यार्थी, ज्याला सगळे दादा म्हणत, त्याने तिच्यातलं सोन्याचं पाणी बनवलं होतं. सोन्याचे कण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक झाले, की पाणी लाल दिसतं. उन्हाळी सुट्टीत शिकायला येणाऱ्या प्रत्येकाने तसाच रंग काढून दाखवायचा, असा इथला शिरस्ता. या मुलीचं पाणी मात्र दर वेळी जांभळट व्हायचं. काचेची भांडी घासून घासून हात सोलवटले, तरी रंग काही बदलेना. दादाने तिचं नावच ‘जांभळी’ पाडलं. घरी आत्या विचारायची, सुट्टीभर नुसत्या बाटल्याच धुतेस का गं?

“सर, ही माझी नाही.”

“शिफारसपत्र हवंय ना? मग आज ही तुझीच.”

त्या पत्राशिवाय पुढे तिला कोणी दारात उभं केलं नसतं. तिने बाटली घेतली, पण डोक्यात तिडीक गेली.

पाहुणे टेबलाभोवती जमले. हे सगळं या मुलीच्या हातचं, असं सरांनी कौतुकाने सांगितलं. तिने टेबलावरची मिठाची वाटी पुढे ओढली. मीठ पडलं की सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी निळं होतं, तीच सोन्याची खूण, असं तिने पाहुण्यांना सांगितलं. दादाचं ते देखणं पाणी सगळ्यांसमोर नासवायचं, मग पत्र गेलं खड्ड्यात, हे तिचं ठरलं होतं.

“ती उघडू नकोस,” दादा घाईघाईने पुढे आला.

“माझीच आहे ना, दादा? मग मी तिचं काहीही करेन.”

तिने चिमूटभर मीठ टाकून बाटली हलवली. पाणी लालच राहिलं. तिने आणखी मीठ टाकलं. तरी लालच. सरांनी दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता.

मग तिने खाली ठेवलेली आपली जांभळट बाटली उचलली आणि उरलेलं मीठ तिच्यात टाकलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी निळं झालं.