ओटीवरचा चहा

२००९ सालचा ऑगस्ट. स्वाइन फ्लूमुळे कॉलेजं आठवडाभर बंद होती. नोट्स न्यायला जागृती वसईजवळच्या निर्मळ गावी आली आणि तोंडाला रुमाल बांधून ओटीवरच थांबली. प्रेमलताबाई तिला आत बोलावणार, तोच शिकायला त्यांच्याकडे राहिलेल्या भाचीने, आर्याने त्यांचा हात धरला.

"आत्या, आत नको. चहा बाहेरच दे. आणि तो टवका उडालेला कप आहे ना, त्यात दे. वेगळा ठेवता येईल."

"अगं, मैत्रीण ना तुझी?"

"आहेच. पण तिची आई हॉस्पिटलात झाडू मारते. हे काय सोवळं नाहीये आत्या, सायन्स आहे."

प्रेमलताबाईंनी चहाचं आधण ठेवलं. मागच्या वर्षी याच जागृतीला स्वयंपाकघरात घ्यायला त्या कचरल्या, तेव्हा आर्या दोन दिवस जेवली नव्हती. मग हळूहळू त्यांनाच तिची सवय झाली. भाकऱ्या थापताना ती समोर बसून बडबडायची, ते आवडायला लागलं होतं.

त्यांनी दोन चांगले कप काढले, चहा ओतला आणि ओटीकडे निघाल्या.

"आत्या, ऐक ना! काळजीपोटी सांगतेय. यात जातीबितीचा काही संबंध नाही."

"माझ्या सासूबाईसुद्धा जातीचं नाव काढत नसत गं," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "रोगराईचे दिवस आहेत, एवढंच म्हणायच्या."