लिफ्टचा ठराव

शिंप्याच्या आईने वर्षभरात रस्ता पाहिला नव्हता. चौथ्या मजल्यावरून उतरायचं म्हटलं की तिचे गुडघेच हात टेकायचे. आज इमारतीला लिफ्ट बसवायची की नाही, यावर खाली पार्किंगमध्ये मतदान होतं. घर आईच्या नावावर, आणि नियम असा की मालकाने स्वतः येऊनच हात वर करायचा.

शिंप्याने तिला पाठुंगळी घेतलं.

"हळू रे, मत सांडेल माझं!" म्हातारी खुशीत होती.

प्रत्येक मजल्यावर दम खात दोघं खाली पोहोचले, तेव्हा खुर्च्यांची आवराआवर चालली होती.



"एकच मत कमी पडलं हो, आजी," अध्यक्ष हळहळले. "जरा लवकर उतरायचं नाही का!"